मालवणच्या समुद्रात डॉल्फिन आणि प्रवाळ : होडी लहान का हवी?

देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. हिवाळ्याच्या दिवसांत सकाळी सात-साडेसातच्या सुमारास या संगमावरून पहिल्या होड्या बाहेर पडतात. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अजून थांबलेला नसतो, पाणी जवळजवळ सपाट असते आणि पलीकडचा भोगव्याचा डोंगर नुकताच उजळू लागलेला असतो. बराच वेळ काहीच घडत नाही. मग कोणीतरी बोट दाखवते. पाण्यावर एक करडी पाठ येते, श्वास सोडल्याचा 'फुस्स' असा आवाज होतो आणि पाठ पुन्हा खाली जाते. 'डॉल्फिन दर्शन' या नावाने किनाऱ्यावरच्या फलकांवर जे जाहीर केलेले असते, ते मुळात एवढेच असते. हवेत उंच उड्या मारणारे डॉल्फिन पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्यांची येथे निराशा होते. थांबून पाहणाऱ्यांची होत नाही.

अडचण पुढच्या पाच मिनिटांत सुरू होते. एका होडीला डॉल्फिन दिसल्याचे दुसरीला कळते, दुसरीवरून तिसरीला. गर्दीच्या दिवसांत, विशेषतः दिवाळीची सुटी आणि नाताळचा आठवडा या काळात, पाहता पाहता आठ-दहा होड्या त्या ठिकाणी धाव घेतात. सगळ्यांची इंजिने चालू असतात. कळप ज्या दिशेला बुडी मारतो, त्याच दिशेला होड्या वळतात. प्रत्येक होडीत दिलेल्या पैशांचा मोबदला लवकर मिळावा, असे म्हणणारे कोणीतरी असतेच, आणि तांडेल त्यांचे ऐकतो, कारण तो ऐकत नाही असा बोभाटा झाला तर उद्याचे गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसणार असते. हा लेख त्या होडीत बसण्यापूर्वीच्या निवडीविषयी आहे.

किनाऱ्याला बांधलेला प्राणी

मालवण, तारकर्ली, देवबाग आणि निवती या पट्ट्यात दिसणारा डॉल्फिन हा प्रामुख्याने 'इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन' होय. त्याच्या पाठीवर मध्यभागी उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर. वर येताना आधी लांबट चोच दिसते, मग कुबड, आणि खोल बुडी असेल तर शेवटी शेपूट. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण अडीच मीटर लांबीचा असतो. आग्नेय आशिया आणि चीनच्या किनाऱ्यावरील गुलाबी डॉल्फिन याचेच भाऊबंद. पूर्वी या सगळ्यांचे वर्गीकरण बरेचसे एकत्र केले जाई. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी हंपबॅक डॉल्फिनच्या चार स्वतंत्र प्रजाती मांडल्या आणि दक्षिण आफ्रिकेपासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळणारी आपल्याकडील प्रजाती वेगळी ठरली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ती 'संकटग्रस्त' या गटात आहे.

ती संकटात का, याचे उत्तर तिच्या राहण्याच्या जागेत आहे. हा डॉल्फिन खोल समुद्रात जात नाही. साधारण पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीचे पाणी, नद्यांची मुखे, खाड्यांच्या तोंडाशी असणारे वाळूचे बांध हे त्याचे घर. तेथे बोय, तारली यांसारखे मासे मिळतात. माणसाची सारी लगबगही नेमकी याच पट्ट्यात चालते. रापण येथेच ओढली जाते, जाळी येथेच लावली जातात, बंदरे येथेच बांधली जातात, नदीतून येणारे सांडपाणी येथेच उतरते आणि पर्यटकांच्या होड्याही येथेच फिरतात. अन्य जातींचे डॉल्फिन त्रास झाला की दहा मैल आत निघून जाऊ शकतात. याला तशी मोकळीक नाही. त्याची पट्टी अरुंद आहे आणि ती किनाऱ्याला समांतर आहे.

शिवाय त्याची वीणही सावकाश. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, गर्भावस्था सुमारे वर्षभराची आणि पिल्लू पुढे दीर्घकाळ आईच्या दुधावर. दोन वेतांमध्ये काही वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याच्या कळपातून दरवर्षी एखादे पिल्लू जरी कमी झाले, तरी ती तूट लवकर भरून निघत नाही. भरधाव होड्यांनी माय-लेकरांची ताटातूट होणे हा म्हणूनच या व्यवसायातील सर्वांत गंभीर धोका आहे.

आणखी एक गोष्ट होडीवरून दिसत नाही. डॉल्फिन पाण्याखाली डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक विसंबतो. आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकत तो मासा शोधतो, आणि शिट्यांसारख्या आवाजांनी कळपाशी संपर्क ठेवतो. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. दहा आउटबोर्ड इंजिनांच्या घरघराटात त्याची अवस्था धुक्यात वाट शोधणाऱ्या माणसासारखी होत असणार.

याच पाण्यात पाठीवर पर नसलेला, दीड मीटरच्या आसपासचा एक लहान आणि अत्यंत बुजरा जलचरही राहतो. इंग्रजी नावाने तो 'फिनलेस पॉरपॉइज' म्हणून ओळखला जातो. तो बहुतेक पर्यटकांना दिसत नाही आणि दिसला तरी लाटेचा भास म्हणून सोडून दिला जातो. कोकणातील सागरी सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात निळ्या देवमाशाचीही नोंद केली होती. तथापि, अशी दर्शने भाग्याची; त्यांच्या आशेवर सफर ठरवू नये.

दोन होड्यांचा धडा

होड्यांची संख्या खरोखरच एवढी महत्त्वाची असते का, असा प्रश्न व्यावसायिकांकडून विचारला जातो. तो रास्त आहे. त्याचे उत्तम उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शार्क बे या उपसागरातून मिळाले आहे. तेथील डॉल्फिनचा अभ्यास अनेक वर्षे सातत्याने सुरू असल्याने संशोधकांना साडेचार-साडेचार वर्षांच्या तीन कालखंडांची तुलना करता आली. पहिल्या काळात पर्यटकांची एकही होडी नव्हती, दुसऱ्यात एका व्यावसायिकाला आणि तिसऱ्यात दोघांना परवाना होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसरा व्यावसायिक आल्यानंतर सफरीच्या क्षेत्रातील डॉल्फिनचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. जेथे पर्यटन नव्हते अशा शेजारच्या क्षेत्रात तशी घट आढळली नाही. त्यानंतर तेथील सरकारने एक परवाना कमी केला.

एकाचे दोन झाल्यावर हा परिणाम दिसला, हे ध्यानात घ्यावे. शिवाय शार्क बेमधील डॉल्फिन संख्येने पुष्कळ आहेत. किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत लहान कळपांनी राहणाऱ्या प्राण्यांना अशी घट झेपण्याची शक्यता कमीच, असा इशारा त्या अभ्यासकांनीही दिला होता. डॉल्फिन त्या दिवशी मरत नाहीत. ते फक्त जागा सोडतात, आणि मग फलक तसेच राहतात.

ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉल्फिनपासून ५० मीटरच्या आत होडी न्यायची नसते, १५० मीटरच्या परिघात एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या असू नयेत आणि त्या परिघात वेग पाण्यावर लाट न उठण्याइतका मंद ठेवायचा असतो. न्यूझीलंडने १९९२ च्या नियमावलीत ३०० मीटरच्या आत तीनच होड्यांची मर्यादा घातली. आकड्यांत फरक असला तरी तत्त्व एकच आहे. होडीने कळपाच्या बाजूने, त्याच्या समांतर जावे. समोरून आडवे येऊ नये, मागून पाठलाग करू नये, कळपाच्या मधून तर मुळीच जाऊ नये. जवळ यायचे की नाही, हे डॉल्फिनने ठरवावे.

आपल्या कायद्यातही याला आधार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व डॉल्फिन आणि देवमासे समाविष्ट आहेत. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही; वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि आमिष दाखवणे यांचाही तीत अंतर्भाव आहे. वाघाच्या मागे जीप पिटाळणाऱ्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने डॉल्फिनमागे धावणाऱ्या होडीकडे पाहण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

पाण्याखालचा मालवण

डॉल्फिन पाहून परतताना बहुतेक होड्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला थांबतात. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. त्या वेळी ज्या खडकावर पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर दाखवला जातो. तीन वर्षांत उभा राहिलेला हा किल्ला अभेद्य होण्यामागे तटबंदीइतकाच हात आजूबाजूच्या बुडीत खडकांचा होता. वाट ठाऊक नसलेले गलबत या खडकांवर फुटणार, हे उघड होते. जे खडक शत्रूला अडसर ठरले, त्यांच्यावरच आज प्रवाळ वाढतात आणि पर्यटक स्नॉर्केलिंग करतात.

अंदमान किंवा लक्षद्वीपसारखी प्रवाळांची भिंत येथे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. येथे खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी वाढलेले प्रवाळ आहेत. काही गोल गठ्ठ्यांसारखे, काही खडकाला चिकटलेल्या पापुद्र्यांसारखे. त्यांच्यामधून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे लहान मासे, चपटे फुलपाखरू मासे, पोपट मासे, क्वचित खडकाच्या कपारीत बसलेला गोब्रा दिसतो. पावसाळ्यात नद्यांबरोबर येणारा गाळ सोसून हे प्रवाळ टिकून आहेत, ही त्यांची खरी नवलाई.

केंद्र सरकारच्या नव्हे, तर राज्याच्या अधिसूचनेने १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. पद्मगड आणि त्याभोवतीचे बुडीत खडक याच गाभ्यात येतात. अभयारण्यामुळे मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला, आणि परिणामी ते कागदावर अधिक आणि पाण्यात कमी असे राहिले. मच्छीमारांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही. मात्र त्या वादात एक गोष्ट मागे पडली. जाळ्यांवरून भांडण चालू असताना पर्यटकांच्या पायांचा विचार कोणीच केला नव्हता.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवण अभयारण्यातील प्रवाळांना हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या इजेची नोंद केली आहे. इजा होण्याची कारणे साधी असतात. दमलेला, घाबरलेला पर्यटक आधार शोधतो आणि प्रवाळावर उभा राहतो. कोणी छायाचित्रासाठी त्याला धरतो. होडी नांगर टाकते तो नेमका प्रवाळावर पडतो आणि लाटेबरोबर फरफटतो. गोल गठ्ठ्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर वाढतात. मुठीएवढा तुकडा मोडला तर त्याची भरपाई व्हायला शाळेत जाणारे मूल कॉलेजात पोचावे लागते. सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वाघाइतकेच, म्हणजे पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मोडलेला तुकडा आठवण म्हणून घरी नेणे हाही गुन्हाच.

येथे एक प्रथा रुळली आहे. पर्यटक पाण्यात उतरला की हातात पावाचा किंवा बिस्किटाचा तुकडा देतात. क्षणात माशांचा घोळका जमतो, छायाचित्र उत्तम येते. प्रस्तुत प्रतिनिधीनेही पहिल्या खेपेस हौसेने तो तुकडा घेतला होता, हे कबूल करायला हवे. मात्र त्या घोळक्यात दिसतात ते दोन-तीन धीट जातींचेच मासे. इतर जाती दूर पळतात आणि खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवणारे मासेही पावाला सोकावतात. पाव न टाकता दहा मिनिटे हात-पाय न हलवता तरंगत राहिले, तर त्याच खडकावर तिप्पट जाती दिसतात. एवढा वेळ देण्याची तयारी सोळा माणसांच्या होडीत नसते. सहा माणसांच्या होडीत असू शकते.

स्नॉर्केलिंग करताना

स्नॉर्केलिंगला पोहता येणे आवश्यक नसते, असे जाहिरातीत म्हटलेले असते. लाइफ जॅकेट आणि मार्गदर्शक असेल तर ते खरे आहे. पण पाण्याची भीती असणाऱ्याने आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करावा. मास्क चेहऱ्यावर पट्ट्याशिवाय ठेवून नाकाने श्वास आत ओढावा. मास्क चिकटून राहिला तर तो मापाचा. मिशी असणाऱ्यांच्या मास्कमध्ये थोडे पाणी शिरतेच. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी फिरवून खळबळून घेण्याचा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे.

नळीतून श्वास तोंडाने, सावकाश आणि खोल घ्यायचा. नळीत पाणी शिरले तर जोराने फुंकर मारून ते बाहेर काढायचे. ही नळी साधारण एक फुटापेक्षा थोडीच लांब का असते, असे मुले विचारतात. थोडे खोल गेले तरी छातीवर पाण्याचा दाब इतका वाढतो की पृष्ठभागावरची हवा ओढून घेणे फुफ्फुसांना जमत नाही. लांब नळी उपयोगाची तर नसतेच, उलट त्यात वापरलेली हवा साठून राहते. भराभर श्वास घेऊन मग दीर्घकाळ बुडी मारण्याचा प्रयोग कोणीही करू नये. त्यात पाण्याखालीच शुद्ध हरपण्याचा धोका असतो आणि चांगले पोहणारेच त्याला बळी पडतात.

काचेमागून पाण्यात पाहताना वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. म्हणून 'एवढा मोठा मासा' या वर्णनातून थोडी वजाबाकी करून ऐकावे. लाल रंग पाच मीटरच्या आसपास बराचसा विरून जातो. उथळ खडकांवरच रंग सर्वांत खुलतात, आणि तेथे पोचायला टाकी पाठीवर बांधण्याची गरज नसते. टाकी घेऊन स्कूबा डायव्हिंग करायचे असेल, तर तो वेगळा विषय आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या तारकर्ली येथील प्रशिक्षण संस्थेत त्याचे रीतसर अभ्यासक्रम चालवले जातात. स्कूबानंतर किमान १२ ते १८ तास विमानप्रवास करू नये. स्नॉर्केलिंगला हे बंधन नाही.

अंगाला लावण्याच्या काही सनस्क्रीन मलमांतील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळांना अपायकारक असल्याच्या कारणावरून हवाईने १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे असा नियम नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा किंवा पोहण्याचा अंगरखा हा त्यावर स्वस्त आणि टिकाऊ तोडगा आहे.

तिथी पाहून जा

पर्यटक सुटी पाहून येतो; समुद्र तिथी पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोराने आत-बाहेर करते, तळाची वाळू उठते आणि प्रवाह ओढतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते. पाणी कमी हलते, गढूळपणा कमी राहतो. स्नॉर्केलिंगसाठी हे दिवस बरे, आणि त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी थबकते तो अर्धा-पाऊण तास उत्तम.

भरतीची वेळ काढण्याचे किनाऱ्यावरचे गणित सोपे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; पूर्ण भरती साधारण त्या वाजता आणि पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूचा आहे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणला ती मुंबईच्या आधी येते, हे हिशेबात धरावे. अचूक वेळेसाठी तांडेलाला विचारावे. त्याला ते पंचांग न उघडता ठाऊक असते.

ऋतूचे म्हणाल तर पावसाळ्यातील गाळ बसून पाणी निवळायला नोव्हेंबर उजाडतो. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो आणि सकाळची सफर तेवढी सुखाची राहते. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा बंद ठेवण्याचा शिरस्ता आहे. या दिवसांत कोणी 'थोडेसे आत नेऊन आणतो' म्हणाल्यास त्या होडीत पाऊल ठेवू नये. यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे मदतीला येऊ शकेल अशी दुसरी होडीही त्या वेळी समुद्रात नसते.

जॅकेट आणि डोकी

२४ मे २०२२ रोजी, म्हणजे हंगाम संपायला अवघे दोन दिवस असताना, तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली. होडीत सुमारे वीस पर्यटक होते. त्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून पंधरा जणांनी प्राण गमावले, तेव्हा लाइफ जॅकेटचा प्रश्न राज्यभर पुन्हा चर्चेत आला. अशा प्रत्येक घटनेनंतर काही आठवडे तपासणी कडक होते.

होडीत बसण्यापूर्वी पर्यटकाने पाहण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली असावी आणि आत बसलेली डोकी त्याहून जास्त नसावीत. लहान मूल मांडीवर बसले तरी ते एक डोके असते. जॅकेट प्रत्येकाला मिळावे, ते अंगावर बांधलेले असावे, आसनाखाली कोंबलेले नसावे, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाचे असावे. मोठ्यांचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात त्यातून खाली निसटते. बाके एका बाजूने मोकळी करून सर्वांनी डॉल्फिन पाहण्यासाठी दुसऱ्या बाजूला धावणे हे लहान होडी उलटण्याचे हमखास कारण आहे, म्हणून तांडेलाने बसायला सांगितले की बसावे. समुद्रातील आपत्तीच्या वेळी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्यावेत.

यातील एकही अट पाळून घेताना संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत प्रतिनिधीला एकदा जॅकेट मागितल्यावर 'इथे पाणी गुडघाभर आहे' असे उत्तर मिळाले होते. पाणी गुडघाभर नव्हते.

पैशांचा प्रश्न

लहान होडीची सफर डोईमागे महाग पडते, हे खरे. इंजिनाला लागणारे इंधन सहा माणसांना नेतानाही जवळपास तेवढेच लागते. म्हणूनच 'माणसे भरली की सुटते' या पद्धतीच्या होडीत एकट्या-दुकट्याने बसण्यापेक्षा दोन कुटुंबांनी मिळून संपूर्ण होडी ठरवणे अधिक परवडते. ठरवतानाच स्पष्ट सांगावे की, डॉल्फिन दिसलाच पाहिजे अशी अट नाही, दिसल्यास दूर थांबून इंजिन संथ ठेवावे, आणि दोन होड्या आधीच तेथे असतील तर आपण पुढे जाऊ. या एका वाक्याने तांडेलाच्या मनावरचे मोठे ओझे उतरते. पाठलाग त्याला आवडतो असे नाही. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून तो करतो.

तो मुळात मच्छीमार आहे, हे विसरून चालणार नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून किनाऱ्यावरील अनेक गाबित कुटुंबांनी घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासासाठी काढल्या आणि होडीवर पर्यटक घेतले. त्याच काळात किनाऱ्यालगतची मासळी रोडावल्याची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार वाढत गेली. पर्ससीन जाळ्यांविरुद्धचा त्यांचा लढा पुष्कळ काळ चालला आणि राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी या जाळ्यांवर निर्बंध घातले. मासळीवरचा भरवसा उडाला म्हणून जो पर्यटनाकडे वळला, त्याच्यासाठी डॉल्फिनचा कळप म्हणजे दुसरे आणि कदाचित शेवटचे उत्पन्न आहे. कळपाने देवबागचा संगम सोडला, तर पुण्या-मुंबईचा पर्यटक दुसरीकडे जाईल. तांडेल कोठे जाणार?

इंजिनाशिवायही सफर चालू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या सदस्यांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. स्त्रियांनी वल्हवलेल्या होडीतून खाडीतले कांदळवन, खंड्या आणि बगळे दाखवायचे, एवढीच ती कल्पना. कर्लीच्या खाडीतही पहाटे शांतपणे गेल्यास पाणमांजरांचे दर्शन होण्याचा संभव असतो, आणि किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर समुद्रगरुडाचे घरटे पाहता येते.

अधिक लांब जाण्याची हौस असणाऱ्यांसाठी निवतीसमोरचे वेंगुर्ला खडक आहेत. तेथील दीपगृह आणि गुहांमध्ये लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या प्रसिद्ध आहेत; मात्र तो समुद्र उघडा आहे आणि अनुभवी तांडेलाशिवाय तेथे जाऊ नये. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरील आंग्रिया बँक या बुडीत पठारावरचे प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध आहेत. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले हे पठार वीस मीटरहून खोल असल्याने स्नॉर्केलिंगच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि सध्या तरी ते संशोधकांच्या मोहिमांपुरतेच राहिलेले बरे.

मालवणला रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ हे कोकण रेल्वेचे सोयीचे स्थानक असून तेथून मालवणसाठी एसटी आणि रिक्षा मिळतात. डॉल्फिनसाठी देवबाग, स्नॉर्केलिंगसाठी मालवण जेटी किंवा तारकर्ली येथे मुक्काम सोयीचा. सकाळी लवकर निघायचे असेल, तर होडी आदल्या संध्याकाळीच ठरवावी आणि न्याहारी परतल्यावर करावी.